दुहेरी गाठ

लेइदिस कसरतीच्या उंच लाकडी पायांवर पहिल्यांदा उभी राहिली आणि तिसऱ्याच पावलाला थेट दुवानच्या अंगावर कोसळली. भुरभुर पाऊस होता, अंगण निसरडं झालं होतं... आणि खरं सांगायचं तर तिने खाली बघितलं होतं.

"खाली काय बघतेस? जमीन कुठे पळून जात नाही," तो म्हणाला.

"तू कशाला मध्ये आलास?"

"नसतो आलो तर आता दात शोधत बसली असतीस!"

मेदेयीन शहराच्या डोंगरावरच्या त्या वस्तीत पोरांसाठी एक घर होतं. सगळे त्याला नुसतं 'कासा' म्हणत, आणि तिथे शिकवणाऱ्या आंपारोबाईंना 'प्रोफे'. वाया जायच्या बेतात असलेल्या पोरांना त्या हाताला धरून आणत, आणि उंच लाकडी पायांवर चालायला शिकवत. नियम एकच – आपले पाय आपण बांधायचे नाहीत. दुसऱ्याने बांधायचे, आणि आपण नीट उभं राहीपर्यंत त्याने जागचं हलायचं नाही.

लेइदिस किनाऱ्याकडची. बंदूकवाल्यांनी गाव रिकामं केलं तेव्हा मावशीकडे आलेली. वस्तीत तिला नावाने कुणी हाक मारत नसे, ती नुसती 'किनाऱ्याची'. दुवान वरच्या पायऱ्यांकडचा. त्याचा भाऊ तिथल्या टोळीत मेला होता, आणि आता टोळी त्याच्याच मागे लागली होती. कासात येत होता तोवर त्याला 'नाही' म्हणता येत होतं.

रोज तोच तिचे पाय बांधायचा. दुहेरी गाठ मारून.

"इतकं घट्ट? पाय काळा-निळा होईल माझा!"

"होऊ दे. पळून तर जाणार नाहीस..."

तिला हसू यायचं. त्याच्या मानेवर पावसाचा थेंब ओघळताना दिसला की तिची नजर तिथेच अडकायची.

एका दुपारी मात्र तिला रडू फुटलं. गावाचं, वडिलांचं, नदीचं – सगळं तिने त्याला सांगून टाकलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग वाकून गाठ मारता मारता हळूच म्हणाला, "दुखत नाही ना... तुम्हाला?"

तुम्हाला? तिच्या गावी 'तुम्ही' म्हणायचं ते पाद्रीबाबांना, नाहीतर पोलिसाला.

"मी काय तुझी आजी आहे?"

त्याचे कान लाल झाले. "तसं नाही... तुम्ही ना..."

"परत तेच!"

पण ते काही सुटलं नाही. रोज तुम्ही, तुमचं, तुम्हाला. लेइदिसने मनाशी हिशेब केला – माझं सगळं ऐकलं आणि हा चार पावलं मागे सरला. शुक्रवारी तो वाकला तेव्हा तिने पाय मागे घेतला.

"राहू दे. दुसऱ्या कुणाकडून घेईन बांधून. परक्यांना कशाला त्रास?"

त्याने हातातली दोरी खाली ठेवली. "बरं... तुम्ही म्हणाल तसं."

त्यानंतर तो कासात आला नाही.

तीन आठवड्यांनी प्रोफे पेल्यात गरम गुळाचं पाणी ओतत म्हणाल्या, "काय गं, भांडलात का?"

"तो मला तुम्ही म्हणायला लागला, प्रोफे. मग मीच समजून घेतलं, त्याला मी नकोय."

प्रोफेंचा हात थबकला. "अगं वेडे! 'तू' तर आम्ही कुणालाही म्हणतो, 'तुम्ही' जिवाभावाच्या माणसालाच. इथे आई लेकराला तुम्ही म्हणते. माझा नवरा मरेपर्यंत मला तुम्ही म्हणत होता."

इथल्या आठ महिन्यांत तिला तसं दुसऱ्या कुणी म्हटलंच नव्हतं. कळणार कुठून?

"मी आत्ता जाते त्याच्याकडे—"

"आता नको. तो वर उभा असतो... भावाच्या जागेवर."

खालच्या पोरांना वर टोळीच्या हद्दीत जायची सोय वर्षातून एकदाच, कासाच्या लाकडी पायांच्या मिरवणुकीत. त्या दिवशी लेइदिसने डाव्या पायाची गाठ मुद्दाम सैल ठेवायला सांगितली. पायऱ्यांपाशी दुवान दिसला. कमरेला वॉकीटॉकी, शेजारी टोळीतली दोन पोरं. ती त्याच्यासमोर थांबली.

"दुवान... माझी गाठ सुटतेय. तुम्ही बांधाल?"

त्याने झटकन वर बघितलं. समजलं त्याला. त्याचे डोळे भरून आले.

पोरं खिदळली. "आयला, तुम्ही! कोण रे ही तुझी?"

टोळीला एकदा कळलं की हे याचं माणूस, तर मग त्या माणसाची धडगत नसते. भावाच्या बायकोचं काय झालं, त्यावरून दुवानला ते ठाऊक होतं. ती कठड्यावर टेकली, तो गुडघ्यावर बसला. दुहेरी गाठ मारली, आणि ती नीट उभी राहीपर्यंत हलला नाही.

"कोणी नाही," तो पोरांना म्हणाला. मग तिच्याकडे न बघता, "झालं. तू जा पुढे."

लेइदिस पुढे गेली. गाठ पक्की होती. पायऱ्या संपेपर्यंत तिने एकदाही खाली बघितलं नाही.