कडी बाहेरून होती

ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल खोटं म्हणावं. पण माझी आई देवकी उगाच काही सांगणाऱ्यांतली नाही. आणि हे घडलं तिच्या थोरल्या बहिणीच्या घरात, पुष्पलतामावशीच्या.

नागपूर. गोळीबार चौकामागची कोष्ट्यांची वस्ती. चौऱ्याहत्तरचा मे महिना.

रात्र नव्हती... भर दुपार होती.

मावशीचे सासरे शालिकराम. सारी उमर हातमागावर गेलेली. म्हातारपणी डोक्यातलं एकेक पुसत चाललं होतं. मुलाला ओळखत नसत. अंगणात धोतर सोडून उभे राहत. कधीच वारलेल्या बायकोला हाका मारत.

"जनाबाई... कुठं गेली वं?"

डॉक्टरांनी झोपताना अर्धी गोळी द्यायला सांगितली होती.

त्या दुपारी नणंदेला, ताराला, बघायला उमरेडचे पाहुणे येणार होते. आधीचे पाहुणे म्हाताऱ्याचा अवतार बघूनच उठून गेले होते.

पुष्पलतानं दोन अख्ख्या गोळ्या कुटल्या. भातात कालवल्या.

मामाजी, म्हणजे सासरे, मुकाट जेवले.

मग तिनं त्यांना मागच्या टिनाच्या खोलीत निजवलं. सांडून ठेवतील म्हणून पाण्याचा लोटाही उचलला. बाहेरून कडी लावली. नवऱ्याला, जागेश्वरला, यातलं काही सांगितलं नाही.

पाहुणे आले. जागेश्वर पुरुषांपाशी ओसरीवर, बायका आत. पोहे झाले, चहा झाला. मागून हूं की चूं नाही. पुष्पलताला हायसं वाटलं.

आणि मुलाची आई बोलता बोलता थांबली.

"मागं कोण आहे वं?"

"कोणी नाही जी."

"कोणी नाही कसं? बाई बोलून राहिली ना..."

तिनं मागच्या दाराकडे बोट केलं.

पुष्पलतालाही ऐकू आलं. हळू आवाज. आजाऱ्याला समजवावं तसा.

"घ्या जी... थोडं घ्या. मी आहो ना."

घरातल्या बायका दोघीच. तारा समोर मान घालून बसलेली. आणि ती स्वतः इथे...

पुष्पलता उठली. मागे गेली.

कडी होती तशीच होती.

दार उघडलं तशी आतून भट्टीसारखी झळ आली. आत मामाजी एकटेच. अंग लाकडासारखं ताठ. मान एका बाजूला ओढलेली, बोटं वाकडी. डोळे मात्र उघडे. ते तिच्याकडेच बघत होते.

पण ओठ ओले होते...

हनुवटीवरची लाळ कोणी तरी पुसली होती.

आणि कपाळावर ओल्या फडक्याची घडी. थंडगार. तसलं फडकं घरात कोणाचंच नव्हतं.

डॉक्टर धावत आले.

"गोळी किती दिली होती?"

"अर्धीच," पुष्पलता म्हणाली.

"म्हाताऱ्या माणसाले कधी कधी अर्धीही झेपत नाही. अंग आखडते, घाम बंद होते. आता ही गोळी बंद. या टिनाखाली ते गेलेच असते... कोणी जवळ बसून पाणी लावलं, म्हणून वाचले."

जागेश्वरनं बायकोकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले.

"पुष्पानंच केलं असन. मधामधात जाऊन. तिच्याबिगर कोण करते बाबाचं?"

मुलाची आई तिथंच उभी होती. पुष्पलता तिच्यासमोरून एकदाही हलली नव्हती, हे तिला ठाऊक होतं. तिनं पुष्पलताकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

पुष्पलता बोलली नाही.

नाही, मी नव्हते... एवढंही नाही.

ते स्थळ पुन्हा आलं नाही. ताराचं पुढं दुसरीकडे जमलं.

हळूहळू मामाजींचं अंग मोकळं झालं. त्यानंतर ते चार वर्षं जगले. पुष्पलतानं त्यांचं सगळं हातानं केलं, तोंड वाकडं न करता. त्यांनी मात्र जनाबाईला पुन्हा कधी हाक मारली नाही. जणू ती घरातच होती.

वस्तीत नाव झालं. सून असावी तर पुष्पलतासारखी, असं बायका म्हणत.

आणि असं कोणी म्हटलं, की मागच्या रिकाम्या खोलीतून आवाज यायचा...

"हं..."

रागाचा नाही. गोष्ट ऐकताना माणूस हुंकार देतं, तसा. पुढचं ऐकायला थांबल्यासारखा.

आई सांगते, तिनंही तो एकदा ऐकला. जागेश्वरकाका शेजारीच बसले होते, बायकोचं कौतुक करत. त्यांना काहीच ऐकू गेलं नाही.

मावशीनं तोंड उघडलं.

"काय म्हणतेस वं?" काकांनी विचारलं.

"काही नाही," मावशी म्हणाली. "चहा ठेवतो."