पानं घेतली आहेत, या

मी सांगणार आहे ते घडलेले आहे. तुम्ही विश्वास ठेवावा अशी माझी विनंती नाही. विनंती करण्याची मला सवय नाही.

इथे प्रसिद्ध होणाऱ्या भयकथा माझी नात मला वाचून दाखवते. त्यांतल्या बहुतेक अमावास्येच्या मध्यरात्री घडतात. ही भर दुपारी घडली. गेल्या पावसाळ्यात, समुद्रापलीकडच्या एका लहानशा बेटावर. तिथे माझी नात होती. इथे, माझ्या स्वयंपाकघरात, फोन हातात धरून मी होते.

आधी आमच्या घरची शिस्त सांगते. तिच्यावाचून पुढचे कळणार नाही.

आमच्याकडे जेवायला बसण्यापूर्वी हाक मारली जाते. "पानं घेतली आहेत, या!" घरात असेल नसेल त्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशी. ज्याला हाक पोचली त्याने ओ द्यायची, "आले" म्हणायचे आणि यायचे. आणि बोलावलेल्या शेवटच्या माणसाचे जेवण झाल्याशिवाय कोणी उठायचे नाही. सगळ्यांचे हात वाळले तरी चालतील. माझा मुलगा एवढा मोठा अधिकारी, पण आजतागायत माझ्या आधी पानावरून उठलेला नाही.

नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. एका जागी टिकत नाही म्हणून. नोकरी सोडली, स्वतःएवढी पिशवी पाठीला लावली आणि निघाली एकटीच. आज हे बेट, उद्या ते शहर.

"आजी, ऑफ सीझन आहे. कुठे गर्दी नाही, सगळं निम्म्या भावात!"

"निम्म्या भावात का मिळतं, ते विचारलंस का कुणाला?"

"तू ना, हॉटेलवाल्यांनाही ओळीने उभं करून प्रश्न विचारशील."

विचारले असते. मी तिथे नव्हते.

त्या बेटावर ती धक्क्याजवळच्या एका दुमजली लॉजमध्ये उतरली. सीझनमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते म्हणे. आता ती एकटीच. वरच्या मजल्याला कुलूप. जेवणघरात टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या, पंखे फडक्यांत गुंडाळलेले, खाऱ्या हवेने दमट झालेल्या गाद्या भिंतीला टेकवून उभ्या. मालकीण पलीकडच्या घरात राही. "स्वयंपाकघर वापर, गॅस बंद करत जा," एवढेच तिने सांगितले होते.

पहिल्या दिवशी भिंगरीने भात केला. एक टेबल पुसले, ताट घेतले... आणि सवयीने हाक मारली.

"पानं घेतली आहेत, या!"

मग स्वतःशीच हसली. मला फोनवर सांगितलेही.

"दिली का कुणी ओ?" मी थट्टेने विचारले.

"कोण देणार? पाली आहेत फक्त."

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा हाक मारली. या वेळी गंमत म्हणून.

वर... कुलुपाआड... खुर्ची सरकली.

मालकीणबाई म्हणाल्या, दमट हवेत लाकूड वाजते. भिंगरीला पटले. तरण्या वयात सगळे पटते.

त्याच्या पुढच्या दिवशी तिने हाक मारली नाही. ताटावर गुपचूप बसली.

तरीही जिन्यावर पावले वाजली.

एकेक पायरी... सावकाश... गुडघे दुखणाऱ्या माणसासारखी.

जेवणघराच्या दाराशी थांबली.

दारात कोणी नव्हते.

दुसरी कोणी असती तर पळाली असती. माझी नात उठली आणि तिने दुसरे ताट मांडले. आल्यागेल्याला उपाशी ठेवायचे नाही, हे तिला मी शिकवले आहे.

हे तिने मला तेव्हा सांगितले नाही. मला कळले ते वादळाच्या दिवशी.

त्या दुपारी वादळ येणार म्हणून मालकीण लॉज बंद करून मोठ्या शहरात लेकीकडे निघाली होती. शेवटची बोट धक्क्याला लागली होती. त्यानंतर समुद्र निवळेपर्यंत बोट नाही, आणि लॉजमध्ये चिटपाखरूही उरणार नव्हते. "दोन घास खा आणि लगेच ये," असे सांगून मालकीण पुढे गेली.

इकडे माझा फोन वाजला. पडद्यावर भिंगरीचा चेहरा, पांढराफटक.

"आजी... मला उठता येत नाहीये."

"पाय मुरगळला का?"

"नाही. माझं जेवण झालंय. पण समोरच्यांचं झालेलं नाही."

"समोर कोण आहे?"

तिने फोन फिरवला.

टेबलापलीकडे एक खुर्ची, बाहेर ओढलेली. रिकामी. समोर भाताचे ताट. भाताला कोणी तोंड लावले नव्हते. मात्र त्याच्या मधोमध बोटांनी खळगा केलेला होता. कोणी वरण वाढणार असले की आपण करतो, तसा.

"तो तू केलास?"

"मी ताटाला हातही लावला नाही, आजी. उठायला गेले की खांदे खाली दाबले जातात. मालकीणबाईंना हाक मारायला गेले, तर घशातून आवाजच निघत नाही. फक्त तुझ्याशी बोलता येतंय."

मागे बोटीचा भोंगा वाजला.

 माझे डोके चालू होते. घास घ्यायचा तर खळगा कशाला? जे कोणी तिथे बसले होते, ते वाढणाऱ्याची वाट पाहत होते. पोरीने बोलावले होते खरे. पण पाहुण्याला बोलावून वाढण्याचा अधिकार घरच्या मोठ्या बाईचा असतो. ती तिथे नव्हती.

"फोन त्या ताटाशी उभा कर," मी म्हणाले.

सूनबाईंनी माझा हात धरला. "आई, तोंडातून भलतंसलतं काही काढू नका हं. मी पाया पडते."

"बाजूला व्हा. तुमचीच मुलगी आहे ती."

मी पदर सावरला. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून बोलले, घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावे तसे.

"आमच्या पोरीने तुम्हाला बोलावलं, ते माझ्या शिकवणीने. ती लहान आहे. यजमानीण मी. तिच्या पानावर तुमची सोय व्हायची नाही. तुमचं पान मी माझ्या घरी वाढते. तिला उठू द्या."

काही झाले नाही.

भोंगा पुन्हा वाजला. लांबलचक. शेवटचा असतो तसा.

"मी शब्द दिला की मोडत नाही," मी म्हणाले. "कुणालाही विचारा."

मग... कोणी हात न लावता... ती खुर्ची मागे सरकली.

पाहुणा उठताना सरकते तशी. हलकेच. अदबीने.

भिंगरी धावत सुटली. पिशवी अर्धी उघडी, पायात चप्पल नाही. मालकिणीने नावाड्याशी भांडून बोट थांबवून धरली होती. बोट सुटल्यावर तिने एवढेच विचारले, "तू जेवताना मोठ्याने कुणाला हाक मारायचीस?"

"कुणाला नाही. घरची सवय."

"सीझन संपला की आम्ही इथे हाक मारत नाही, बाळा. माणूस हवा असला तर जवळ जाऊन बोलतो."

"का? वर कोण आहे?"

मालकीण पाण्याकडे बघत बसली. 

नात घरी सुखरूप आली. नीट जेवते, हसते. पुन्हा नोकरी शोधते आहे. देवाची कृपा.

त्या दिवसापासून आमच्या घरात हाक बंद आहे. मीच बंद केली. मात्र रोज दुपारी एक पान जास्तीचे वाढते. मुलगा कुरकुरला. त्याला म्हटले, शब्द माझा आहे, तू लक्ष घालू नकोस. कितीतरी दिवस ते ताट जसेच्या तसे उचलले. मला वाटू लागले, समुद्र ओलांडून कोण येते आहे?

मग एका दुपारी आमच्या डोक्यावर, गच्चीत, खुर्ची सरकली.

आमच्या गच्चीत खुर्ची नाही.

जिन्यावर पावले वाजली. सावकाश... एकेक पायरी.

त्या दिवशी भातात खळगा होता. मी वरण वाढले. सूनबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी सगळ्यांना उठून जायला सांगितले. घरची शिस्त मी पहिल्यांदाच मोडली, पण फक्त त्यांच्यापुरती.

वाढलेले वरण हळूहळू कमी होते. रोज थोडे अधिक सावकाश. परवा मला पानावरून उठायला दिवेलागण झाली. काल भिंगरीने मला काखेत हात घालून उठवायचा प्रयत्न केला. रडली बिचारी. तिला मी रागावून खोलीत पाठवले. तिने या खुर्चीजवळ येता कामा नये.

हे मी जेवणाच्या टेबलाशी बसूनच लिहिते आहे. माझे जेवण केव्हाच झाले. हात वाळला.

समोरचे अजून व्हायचे आहे.