तळ हलला

न्हावऱ्याच्या माळावर संपत जमिनीत ‘कान’ रोवत चालला होता. तेल-वायू शोधणाऱ्या कंपनीची ती यंत्रं. सुरुंग उडाला की खडकातून परतणारा हादरा टिपायची. जमिनीखाली काय आहे याची कंपनीला भारी उत्सुकता. वर कोण राहतं, हे विचारायची तसदी कुणी घेतली नव्हती. म्हणून तर सुरुंगाचं बोअर नेमकं संपतच्या वडिलांना, तात्याबांना, पुरलं होतं तिथंच पाडलेलं.

“साहेब, जरा बाजूला घ्या,” त्याच्या आईनं, कुशाबाईनं, हात जोडले. “माजा धनी निजलाय तितं.”

“आजी, सातबाऱ्यावर तशी नोंद नाही.”

“मेंढरामागं जल्म गेला त्येंचा. सातबाऱ्यात कसं घावतील?”

साहेब हसला आणि गाडीकडं वळला.

दिवस कलला होता. वारा पडला होता. कुशाबाई बोअरपाशी गेली. धनगरांचा तळ हलतो तेव्हा थोरली बाई शेवटची हाक देते. चुकलंमाकलं जनावर त्या हाकेमागं येतं. नंतर कुणी ब्र काढायचा नसतो. ज्याची हाक शेवटची, त्याच्यामागं ते जातं.

“उठा,” ती हळूच म्हणाली. “हितनं तळ हलवायचाय... चला घरला.”

मग बांधावर जाऊन ती उभी राहिली. सुरुंगाआधीचा भोंगा झाला. माळ चिडीचूप.

“कोण चालतंय रं?” गाडीत, कानांनी टिपलेले हादरे दाखवणाऱ्या पडद्यासमोर बसलेला गोकुळ ओरडला. “हालू नका म्हनलं ना!”

कुणीच हाललं नव्हतं.

“दोन पावलं... मग एक ठोका. काठी टेकत... बोअरकडनं बांधाकडं...”

संपतनं वळून बांधाकडं पाहिलं. तात्याबा असेच काठी टेकत लंगडत चालायचे.

“असू दे. उडव!” साहेब खेकसला.

माती उसळली. कुशाबाईनं सुटकेचा निःश्वास सोडला. धनी वेळेत निघाला होता.

तेवढ्यात साहेबानं टाळ्या वाजवल्या. “चला रे, चला! कोणी मागं राहू नका. उद्या पाटस!”

कुशाबाईचा हात तोंडावर गेला. “आवं... तुमी कशाला हाक दिली...”

संपतनं शेवटचा कान उपटला.

“संपत, चालू नगंस...” गोकुळ पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

“उभाच हाय मी. आन् कान समदे उपटलेत.”

“मग गाडीकडं... कोण येतंय?”

साहेब पुढच्या सीटवर बसून मोबाइल बघत होता. मागच्या लोखंडी पायरीवर काठी टेकल्याचा आवाज झाला, आणि कुणी चढावं तशी गाडी एका अंगाला कलली.