काढून टाकलेला आवाज

तुला म्हणून सांगते. काम तसं साधंच होतं. वारलेल्या वडिलांचा मोबाइलवरचा व्हिडिओ साफ करून हवा, म्हणत एक गृहस्थ भर दुपारी माझ्या एडिटिंगच्या खोलीत आले. दुसऱ्या दिवशी शोकसभेत तो दाखवायचा होता.

व्हिडिओत म्हातारबाबा एका बंद दारासमोर खाटेवर बसून म्हणत होते, "माझा मुलगा माझं सगळं करतो." मागे कूलरची घरघर. आधी मी फुकटच्या सॉफ्टवेअरमधला गोंगाट कमी करायचा इफेक्ट लावला; म्हाताऱ्याचा आवाज बादलीतून आल्यासारखा झाला. मग पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर उघडलं. त्यात एक सोय आहे. जे काढून टाकलं, तेवढंच वेगळं ऐकता येतं. सवयीने हेडफोन लावून मी ते ऐकलं.

घरघर. आणि त्या घरघरीच्या तळाशी कोणीतरी धापा टाकत होतं.

"पाणी दे रे... कडी काढ..."

म्हाताऱ्याचाच आवाज. पडद्यावर तो मात्र मुलाचं कौतुक करत होता.

"काय ऐकताय एवढं?" खुर्चीमागून मुलाने विचारलं.

"काही नाही. कूलर."

"खोटं बोलतेस," हेडफोनमध्ये म्हातारा म्हणाला. "त्याला दे."

मी हेडफोन काढून पुढे केले. त्यांनी ते कानाला लावून शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या खांद्यात बोटं रुतवत हळूच म्हणाले, "हे पुसून टाका. मुळापासून. आणि कुठे बोललात तर..."

मी इफेक्ट शेवटपर्यंत वाढवला. फक्त कौतुक उरलं, स्वच्छ. व्हिडिओ त्यांच्या बहिणीला पाठवला आणि ते जिना उतरून गेले.

शोकसभा संपल्यावर बहिणीचा फोन आला.

"ताई, अप्पांचा आवाज छान ऐकू आला. पण दादा काल तुमच्याकडून निघाला, तो घरी आलाच नाही. आणि... व्हिडिओत अप्पांच्या मागचं ते बंद दार आहे ना, त्यावर आतून कोणीतरी थापा मारतंय. तेवढं काढायचं राहिलं का?"

पाठवण्याआधी मी सगळा व्हिडिओ ऐकला होता. थापा नव्हत्या.

फाइल पुन्हा उघडली. आता होत्या. मी आवाज शून्यावर आणला. म्हाताऱ्याचे ओठ नुसतेच हलत राहिले.

थापा थांबल्या नाहीत.