विझवलेली काडी

"तो सिनेमा आत्ताच गेला," कोथरूडच्या सीडीवाल्याने पूर्वाला सांगितलं. "पुन्हा तेच जोशी घेऊन गेले. ते काय, दारात आहेत."

दारात अभय जोशी उभा. ती जिथे मागच्या खोलीत भाड्याने राहायची, त्याच बंगल्यात गच्चीवरच्या खोलीत राहणारा. नळावर बादल्या भरताना मान हलवायची, एवढीच ओळख. आणि तिचा जीव की प्राण असलेला काळापांढरा गुप्तहेरपट याच्या पिशवीत!

"तुम्हीही...?"

"खुनी कोण ते सांगू नका," तो म्हणाला. "दर वेळी विसरायचा प्रयत्न करतो मी."

एकमेकांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा घरमालकीण शैलाकाकूंचा नियम. म्हणून रविवारी दुपारी काकूंच्याच दिवाणखान्यात, काकूंच्या पहाऱ्यात सिनेमा लागायचा. सुरुवातीची नावं संपेपर्यंत पहारा आरामखुर्चीत घोरू लागे.

गुप्तहेर व्हायला पुण्यात कोट-टोपी लागत नाही, खोली भाड्याने देता आली की पुरे. गाव कुठलं, मामाचं गाव कुठलं, घरात देव कोणते... काकूंनी सगळं खोदून विचारलं होतं. त्याआधी चार घरी 'वाघमारे' म्हणताच 'अहो, खोली कालच गेली' ऐकून पूर्वाचं डोकं फिरलं होतं. इथे ती पाटील झाली. हिंजवडीत ती अमेरिकन बँकांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायची. संगणकाला आडनाव लागत नव्हतं, घरमालकांना लागत होतं.

आता तर भीती दुप्पट झाली होती. खरं कळलं तर खोली जाईल, आणि हा जोशीही जाईल.

त्या रविवारी तिचा लाडका प्रसंग आला. धुक्यातलं बंदर. गुप्तहेर जिला सिनेमाभर शोधतोय, तीच बाई नाव बदलून समोर येते, सिगारेटसाठी काडी मागते. तो काडी ओढतो, उजेडात चेहरा ओळखतो... आणि फुंकर मारून काडी विझवतो. 'वारा फार आहे,' म्हणतो आणि चालू लागतो.

"भित्रा आहे," अभय कुजबुजला. "ओळखलं तर बोलावं माणसाने."

"तिला लपायचंय, तो लपू देतो. प्रेम म्हणतात याला. तुम्हाला नाही कळायचं."

पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "मग चौदा एप्रिलला मीही काडीच विझवली म्हणायची. स्टेशनजवळ, बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी. तुम्ही पांढऱ्या साडीत होतात. तुम्ही वळायच्या आत मी गर्दीत मागे सरकलो."

संपलं सगळं — बॅग कधी भरायची, एवढाच विचार पूर्वाला आला. पण चुका शोधायची सवय. एक चूक तिला खटकलीच.

"तुम्ही तिथे काय करत होतात?"

"आईसोबत रांगेत होतो," तो म्हणाला. "जोशी फक्त काकूंसाठी. मी कांबळे."

"अहो, पण... गणपतीत अख्खी आरती म्हटलीत तुम्ही..."

"पाठ केली. भाड्यातच धरली."

तिला हसू फुटलं, आणि पाठोपाठ संताप. दोन शिकलेली, कमावती माणसं एका घोरणाऱ्या बाईला घाबरून नावं चोरत होती! तिने उठून सिनेमा बंद केला. आवाज थांबताच काकू दचकून जाग्या झाल्या.

"संपला? सापडला का खुनी?"

"काकू, मी पाटील नाही. वाघमारे."

अभय तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "आणि मी कांबळे."

काकूंचा चष्मा नाकावरून घसरला. त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हणजे माझ्या गणपतीची आरती...?" त्यांनी विचारलं. मग ओठ घट्ट झाले. "महिनाअखेर दोन्ही खोल्या रिकाम्या करा."

सीडी काढून घेऊन दोघं अंगणात आले. अभयने हातातली सीडी उगाच उलटसुलट केली.

"आता दोन खोल्या शोधायच्या... की एकच?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. धीट माणसाचे कान पार लाल झाले होते.

"एकच," ती म्हणाली. "आणि दारावर पाटी लावायची. दोन्ही आडनावांची, रस्त्यावरून वाचता येईल अशी."