डोळा अडखळू नये म्हणून

तक्रारी वाचताना डॉ. भालचंद्र कारखानीसांच्या चेहऱ्यावर एक थंड, सुसंस्कृत तिटकारा पसरत असे. साताऱ्याच्या दृश्यविज्ञान संस्थेतली मंडळी त्याला साहेबांचे हसू म्हणत.

जुन्या तक्रारी त्यांनी मुद्दाम जपून ठेवल्या होत्या. चित्र थरथरते, चेहरे हिरवे पडतात, पडद्यावर पांढरे ठिपके उडतात. ज्यावर चित्रे पाहायची आणि फोनही करायचा त्या संचाला कोणी चापट्या मारल्या होत्या, कोणी त्याची पूजा केली होती. संचामागे वाकून पाहावे, केबलची पिन सैल आहे का ते चाचपावे, एवढे मात्र कोणाला सुचले नव्हते. केबलवर कपाटाचा पाय ठेवायचा आणि त्याच केबलमधून पडद्यावर निळाशार समुद्र यावा अशी अपेक्षा धरायची! अशा प्राण्यांना शिकवण्यापेक्षा त्यांना दोष दिसणारच नाही अशी व्यवस्था करणे कारखानीसांना अधिक सोपे वाटले. गळलेले चित्र स्वतःच भरून काढणाऱ्या चित्रपूरकाचा जन्म या तुच्छतेतूनच झाला होता.

आता ठिपके नव्हते, थरथर नव्हती. संस्था केबल फुकट बदलून द्यायला माणूस पाठवी, तर लोक दारातूनच त्याला परतवून लावत. म्हणत, "कशाला? चित्र चांगलं दिसतंय की!"

"गाढवं," कारखानीस म्हणत. पण आवाजात निर्मात्याचे समाधान असे.

त्या शनिवारी डॉ. यशोधरा घाटगे प्रयोगशाळेत त्यांच्यासमोर बसल्या होत्या. चित्रपूरकाचे अर्धे गणित त्यांचे होते, आणि त्या गणिताचीच त्यांना अलीकडे भीती वाटू लागली होती.

"सर, केबल खराब झाली की आधी बारकावे गळतात. भिंत पोचते, साडीचा रंग पोचतो. ओठांची मुरड पोचत नाही. ती आपला पूरक भरतो."

"आणि उत्तम भरतो."

"कशाच्या आधारावर?"

"माझी परीक्षा घेताय?" कारखानीसांनी चष्मा पुसायला घेतला. "बघणाऱ्याच्या डोळ्याच्या आधारावर. अपेक्षेबाहेरचं काही दिसलं की बुबुळ क्षणभर अडखळतं. पूरक ती अडखळ मोजतो आणि ती कमी होईल असं चित्र भरत जातो. डोळा अडखळला नाही, की चित्र बरोबर."

"बरोबर नव्हे, सर. पटणारं. ज्याला जे वाटत असतं तेच त्याला दिसणार."

"वाटत असतं? त्यांना काही वाटत असतं तर त्यांनी पिन नीट खोचली नसती?"

"निदान पडद्याच्या कोपऱ्यात एक खूण तरी ठेवू. केबल गळतेय एवढं कळेल."

"दोष दिसला की माणूस ओरडतो, दिसला नाही की झोपतो. झोपू द्या त्याला."

यशोधराबाई म्हणाल्या, "नोंदी पाहिल्या मी. तुमच्या घरची केबलही गळतेय, सर. चेहऱ्यांचा जवळजवळ सगळा तपशील पूरकच भरतोय."

कारखानीस मनापासून हसले. "मग या उद्या, बदला. मी काही संचामागे रांगणार नाही."

रविवारी सकाळी गोडोलीच्या घरात पडद्यावर त्यांची मुलगी मृण्मयी होती. रत्नागिरीला होड्यांची इंजिने दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशी ती बुधवारी लग्न करणार होती, आणि वडील येणार की नाही हे तिला आज कळायला हवे होते.

"ऐकतेय, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही याल ना?"

शब्द मऊ होते. पण कारखानीस शब्दांवर विश्वास ठेवणारे नव्हते. तिच्या ओठांच्या कोपऱ्याला एक बारीक मुरड पडली होती आणि पापण्या कंटाळ्याने अर्ध्या मिटल्या होत्या. कित्येक महिने तो चेहरा त्यांना असाच दिसत होता. गंजलेल्या सुरीवर पडलेल्या उन्हासारखे ते हसू. त्यांचेच रक्त, आणि त्यांनाच हसते! नकार ओठांवर आला होता, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

"थांब, परत लावतो," म्हणत त्यांनी पडदा बंद केला.

दारात यशोधराबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. "काय झालं, सर?"

"पोरगी तोंडावर हसते माझ्या. बापाला बोलवायचं ते नाटक बघायला."

"हसते की हसताना दिसते?"

ते खिडकीतून अजिंक्यताऱ्याच्या उघड्या बोडक्या उतारांकडे पाहत पाठ फिरवून उभे राहिले. हुशार बाईने संचामागे गुडघे टेकून धूळ खावी हे दृश्य त्यांना पाहवेना. पिन निघाल्याचा आवाज आला, मग बसल्याचा.

"झालं, सर. नवी केबल. आता दिसेल ते खरं."

त्यांनी फोन लावला. पडदा उजळला.

"ऐकतेय, बाबा," मृण्मयी म्हणाली. "तुम्ही याल ना?"

तेच शब्द. पण ओठांचा कोपरा मुरडलेला नव्हता, तो थरथरत होता. पापण्यांखाली पाणी होते. उत्तराची वाट पाहत किती तरी वेळ ताटकळलेला, थकलेला, अजूनही आशा न सोडलेला चेहरा.

"येतो," ते म्हणाले. "येतो गं, बाळा."

फोन संपल्यावर ते खुर्चीत बसून राहिले. "तुमचं खरं होतं, घाटगे. त्या दळभद्री केबलने माझी मुलगी खाल्ली होती. उद्यापासून ती खूण पडद्यावर ठेवा."

यशोधराबाईंनी पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवले. त्यावरची मोहर शाबूत होती. आत नवी केबल वेटोळे घालून पडली होती.

"मला माफ करा, सर. तुम्ही शनिवारी माझं गणित ऐकलं नाहीत, म्हणून ते दाखवावं लागलं. मी जुनीच केबल काढली आणि जुनीच लावली."

बाहेर कोणाच्या तरी गच्चीवर कपडे आपटल्याचा आवाज येत होता.

"मग हा चेहरा?" कारखानीसांनी हळूच विचारले.

"आता खरं दिसणार असं तुम्हाला वाटलं. मनात आशा आली. पूरकाने त्या आशेसारखाच चेहरा भरला, म्हणून डोळा अडखळला नाही."

"आणि मघाचा?"

"तोही तुमचाच."

"आणि खरा?"

"मला ठाऊक नाही, सर. आवाज वेगळ्या वाटेने येतो, त्यामुळे शब्द तिचे आहेत. चेहरा या पाकिटात आहे. पुन्हा फोन लावा, मी जोडते." त्या उठल्या. "नाहीतर बुधवारी समोरासमोर दिसेलच."

कारखानीसांनी पाकिटाकडे पाहिले. आयुष्यभर त्यांनी साऱ्या जगाकडे ज्या नजरेने पाहिले होते, ती नजर त्या मुलीच्या बालपणावरून रोज फिरली होती. तिने तीच उचलली असली तर? ओठांची ती मुरड खरोखरच तिथे असली तर?

यशोधराबाई संचामागे जायला वळल्या, तेव्हा ते घाईघाईने उठले आणि आडवे उभे राहिले.

"राहू द्या."

"सर?"

"रत्नागिरी लांब पडतं हो. घाटातला रस्ता, माझी पाठ..." त्यांनी पडद्यावरची नसलेली धूळ बोटाने पुसली. "आशीर्वाद काय, इथूनही देता येतात."

"आणि केबल?"

"कशाला?" डॉ. कारखानीस म्हणाले. "चित्र चांगलं दिसतंय की."