कागदाची उजवी बाजू

“या माइकला हिरवा रंग कुणी फासला?”

तिने रेडिओ स्टुडिओच्या काचेपलीकडे पाहिलं. घसा बसलेल्या निवेदकाच्या जागी ऐन वेळी आलेला तो माणूस स्वतःच्या बोटांकडे बघत होता... बोटं हिरवीगार.

“झाड रंगवत होतो. तसाच धावत आलो.”

“वाळेपर्यंत थांबायचं ना!”

“मग तुमची बोलणी कुणी खाल्ली असती?”

तिने तोंड वाकडं केलं खरं, पण नंतर माइक पुसताना हसू काही आवरेना.

तो चित्रकार, शाळेत चित्रकलेचा शिक्षक, वर बाहुल्या करून नाचवणारा. आता रेडिओवरही रुळला. केंद्रातल्यांनी त्याला ‘सगळेकर’ करून टाकलं. ती ध्वनितंत्रज्ञ, भौतिकशास्त्र शिकलेली, अर्ध्या सेकंदाची चूकही खपवून न घेणारी... म्हणून ‘मोजपट्टी’.

महिन्याभरात सगळेकरने नवं खूळ काढलं – रेडिओवरून चित्रकला! दर गुरुवारी संध्याकाळी सहाला तो बोलणार, मुलं घरी ऐकून काढणार. पहिल्याच दिवशी मधलं गाणं लागताच तिने विचारलं, “डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे? तुमच्या, झाडाच्या, की झाडावरच्या पोपटाच्या?”

तेव्हापासून नियम ठरला. फक्त कागदाची डावी आणि कागदाची उजवी.

गुरुवारची ती वाट बघते, हे घरी आत्याच्या नजरेतून सुटलं नाही. “आज चित्र, उद्या रेडिओ, परवा बाहुल्या,” आत्या म्हणाली. “आणि तेरवा गं?”

ते ‘तेरवा’ तिच्या मनात घर करून बसलं. शेवटी कँटीनमध्ये तिने विचारलंच, “तुम्ही कधी एका जागी टिकलात का हो?”

“सोडलं काहीच नाही. भर घालत गेलो.”

“माणसांतही... अशीच भर?”

त्याचा चहाचा कप ओठांशीच थबकला. कान लाल झाले. “ते... गुरुवारी सांगतो.”

गुरुवारी तो नेहमीसारखा माइकसमोर बसला.

“मुलांनो, आज चेहरा. कानांवर हेडफोन – एका कानावरचा नेहमी घसरलेला. कपाळावर एक आठी, बारीकच काढा, ती खोटी आहे. आता कागदाच्या उजवीकडे, गालावर... तीळ.”

तिचा हात गालाकडे गेला. तीळ तर डावीकडे! म्हणजे ही दुसरीच कुणीतरी... मग तिने काचेतून पाहिलं. तो समोर बसला होता. समोरून तिची डावी ती त्याची उजवी. त्याच्या कागदाची उजवी.

“हे चित्र आज अर्धंच ठेवा,” तो म्हणाला. “माझंही अर्धंच आहे. पूर्ण करायला मला सगळं आयुष्य लागेल... समोरच्या व्यक्तीची परवानगी असेल, तर.”

आता गाणं लावायचं होतं. तिची बोटं हलेनात. दोन सेकंद... चार... सहा... शांतता प्रसारित होत राहिली. ड्यूटी ऑफिसरचा फोन खणखणला. तिने गाणं लावलं, फोन तसाच वाजू दिला आणि त्याच्या हेडफोनमध्ये म्हणाली, “तीळ डावीकडे आहे.”

“इथून उजवीकडेच दिसतो.”

“मग...” इतक्या दिवसांचं ‘तुम्ही’ तिच्या ओठांवरून हळूच निसटलं. “इकडे येऊन बघ.”